आधी पैसे, मग किलोमीटर: ग्रेट नॉर्थ रनला निघालेल्या ताईंना उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४४, राहायला कोथरूडला, बँकेत नोकरी, थायरॉइडची गोळी चालू. भाऊ इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला असतो. मागच्या वर्षी वहिनी कॅन्सरने गेल्या. शेवटचे पाच आठवडे त्या तिथल्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, होत्या आणि तिथल्या माणसांनी त्यांना फार जपलं. त्या हॉस्पिसने ग्रेट नॉर्थ रन या तिथल्या हाफ मॅरेथॉनमधली आपली एक जागा ताईंना दिली आहे, बदल्यात निदान ५०० पौंड जमवून द्यायचे. शर्यत सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे हातात १८ आठवडे. सध्या रोज टेकडी होते आणि पळत-चालत ५ किलोमीटरला ४२ मिनिटं लागतात. विचारलंय की, हाफ मॅरेथॉन जमेल का, लोकांकडे पैसे कसे मागायचे, आणि 'पैसे घेऊन पूर्ण करता आलं नाही तर तोंड कसं दाखवायचं?'

ताई, पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो: जमेल. रोज टेकडी चढणाऱ्या माणसाला १८ आठवडे पुष्कळ झाले. खरी गोम तिसऱ्या प्रश्नात आहे, आणि तुम्ही तो शेवटी, जाता जाता विचारलाय.

मी अठरा वर्षं पळतोय, त्यातली अकरा तळजाईवर नवख्यांना पळायला लावतोय. देणगीसाठी पळणाऱ्यांची दुखापत मी वेगळी धरतो, कारण ती पायात नसते, भिडेत असते. आमच्या गटातला एक जण मुंबईच्या जानेवारीतल्या शर्यतीसाठी एका शाळेकरता पैसे जमवत होता. दीडशेच्या वर लोकांनी दिले. डिसेंबरात त्याची नडगी दुखायला लागली. चालताना दुखायचं, पळताना थोड्या वेळाने बधिर व्हायचं. मी म्हटलं, दोन आठवडे थांब. तो म्हणाला, "सर, लोकांनी पैसे दिलेत." मीही फार ताणून धरलं नाही, ही माझी चूक. शर्यत त्याने लंगडत पूर्ण केली. पुढच्या आठवड्यात एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर, निघालं आणि मार्चअखेरपर्यंत कुबड्या. नंतर त्याने देणगीदारांना भीत भीत विचारलं, मी पळालोच नसतो तर तुम्ही पैसे परत मागितले असते का? एकानेही हो म्हटलं नाही. निम्म्यांना तर तो पळाला की नाही हेसुद्धा आठवत नव्हतं.

म्हणून माझा क्रम उलटा असतो. बहुतेक जण आधी सराव करतात, आत्मविश्वास आला की शेवटच्या महिन्यात पैसे मागायला निघतात. म्हणजे सराव सगळ्यात जड असतो आणि पाय सगळ्यात नाजूक असतात, त्याच वेळी भिडेचं ओझं वर येऊन बसतं. तुम्ही ५०० पौंड जूनअखेर जमवून मोकळ्या व्हा. त्यानंतर १० किलोमीटरच्या पुढचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, सुरू करा. ऑगस्टमध्ये गुडघा कुरकुरला तर निर्णय गुडघ्याकडे बघून घेता येईल, देणगीदारांच्या यादीकडे बघून नाही.

याच आठवड्यात हॉस्पिसला एक ईमेल टाका. त्यात दोनच गोष्टी विचारा: दुखापतीमुळे पळता आलं नाही तर जागा पुढच्या वर्षावर ढकलता येते का, आणि तरीही ५०० पौंडांची जबाबदारी राहते का. प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा असतो, म्हणून उत्तर लेखी घ्या. या जागा संस्थांनी आयोजकांकडून पैसे मोजून घेतलेल्या असतात. तुम्ही किमान रकमेपर्यंत पोचला नाहीत तर संस्थेच्या पदरात काय पडतं, हे एकदा लक्षात आलं की त्या अटीचा राग येत नाही. ब्रिटनमधली बहुतेक हॉस्पिस धर्मादाय आहेत. सरकारकडून त्यांच्या खर्चाचा काही भागच येतो, बाकीचं असंच जमवावं लागतं.

आता मागायचं कसं. ५०० पौंड म्हणजे आजच्या दराने साठ हजार रुपयांच्या आसपास. इथे पुण्यातल्या माणसाला हमखास तीन प्रश्न पडतात, उत्तरं तयार ठेवा.

पहिला, "८०जी मिळेल का?" नाही. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडे आयकरात ती वजावट नाही. हे न विचारता स्वतःहून सांगा.

दुसरा, "यूपीआय करू का?" तिथल्या देणगीच्या पानावर यूपीआय चालत नाही, कार्ड लागतं. आपल्या बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. तुम्ही बँकेतल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण तुमच्या मावशींना ५०० रुपयांसाठी हा खटाटोप करायला लावाल तर त्या "बघते हं" म्हणतील, आणि ते 'बघते' काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. मग मोह असा होतो की सगळ्यांचे पैसे आपल्या खात्यात घ्यायचे आणि एकरकमी पाठवायचे. मी हे करू देत नाही. रक्कम छोटी असली तरी दुसऱ्यांचे पैसे आपल्या बचत खात्यात मिसळले की हिशेब आणि विश्वास दोन्ही गढूळ होतात.

तिसरा प्रश्न खास पुणेरी: "विमानाच्या तिकिटाचेच पैसे दिले असते तर?" यावर चिडू नका, प्रश्न रास्त आहे. उत्तर पहिल्याच निरोपात घाला: प्रवासाचा, राहण्याचा, बुटांचा सगळा खर्च माझा, भावाकडे मी तशीही जाणारच आहे, तुमचा रुपया थेट हॉस्पिसला जातो.

माझा सल्ला असा की दोन वेगळ्या झोळ्या करा. न्यूकॅसलच्या पानासाठी मुख्यतः तिथलीच माणसं: भाऊ, त्याच्या ऑफिसातले, वहिनींच्या मैत्रिणी. त्यांच्यातले जे तिथे कर भरतात त्यांनी 'गिफ्ट एड'च्या चौकटीत खूण केली की १० पौंडांवर सरकार अडीच पौंड हॉस्पिसला वर देतं. मात्र ही वरची रक्कम बहुधा किमान ५०० मध्ये धरत नाहीत. शिवाय गिफ्ट एड ज्याच्या त्याच्या स्वतःच्या पैशावरच घ्यायचं असतं. म्हणजे पुण्यातून जमलेली रक्कम भावाने आपल्या कार्डावरून भरून ती खूण करायची नाही. जस्टगिव्हिंगसारख्या देणगीच्या पानावर शेवटी 'टिप' सुचवलेली असते, ती ऐच्छिक आहे. लोकांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी तुम्हालाच विचारेल की हे कमिशन कोणाचं.

पुण्यातल्या माणसांसाठी दुसरी झोळी: याच कामाची इथली एखादी संस्था. वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची विनामूल्य सेवा करतंय. तिथे किंवा तुम्हाला पटेल त्या संस्थेत लोकांनी परस्पर द्यावं, पावती परस्पर घ्यावी, तुम्ही फक्त निमित्त. मात्र न्यूकॅसलच्या मित्रांना "पुण्याच्या संस्थेलाही द्या" असं सुचवण्याआधी त्या संस्थेची एफसीआरए नोंदणी आहे ना हे विचारा. त्याशिवाय भारतातल्या संस्थेला परदेशी पैसा घेता येत नाही, आणि भारतीय वंशाचा पण ब्रिटिश पासपोर्टचा माणूसही त्यात परदेशीच धरला जातो.

निरोप लिहाल तेव्हा पळण्याबद्दल कमी आणि वहिनींबद्दल जास्त लिहा. दोन-तीन ओळी पुरतात. सगळ्यांना एकदम ग्रुपवर टाकण्यापेक्षा तीस जणांना नावानिशी पाठवा. ग्रुपवर अंगठे येतात, पैसे येत नाहीत.

पैशाचं इतकंच. आता पाय.

सुरुवात तपासणीपासून. चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही मी आधी डॉक्टरकडे पाठवतो: रक्तदाब, ईसीजी, डॉक्टरांना वाटलं तर स्ट्रेस टेस्ट. जोडीला हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी आणि तुमची थायरॉइडची टीएसएच चाचणी. आपल्याकडच्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं इतकं नेहमीचं आहे की, "मला स्टॅमिनाच नाही" असं म्हणणारीला मी आधी रिपोर्ट आणायला सांगतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. पहाटे पळण्याआधी केळं खाणार असाल तर गोळी आणि केळ्यात किती अंतर हवं, आणि तिकडे गेल्यावर वेळ कशी बदलायची, हे डॉक्टरांनाच विचारा.

तुमचा सध्याचा वेग किलोमीटरला साडेआठ मिनिटांच्या जरा आत आहे. तोच २१.१ किलोमीटर टिकला तर तीन तासांच्या आसपास. मी हेच उद्दिष्ट धरेन, त्याहून कमी वेळेचा विचारही सध्या नको. दम पहिल्या सहा आठवड्यांतच वाढतो. स्नायुबंध आणि हाडं मात्र सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. म्हणून सातव्या-आठव्या आठवड्यात माणसाला वाटतं की मी आता काहीही करू शकतो, आणि तेव्हाच घोटा किंवा नडगी धरते. माझ्या वहीत बहुतेक दुखापती याच सुमाराच्या आहेत.

आठवड्यातून तीनदाच पळा. दोन दिवस ३५ ते ४५ मिनिटं, रविवारी लांब. वेग असा की शेजारच्या माणसाला पूर्ण वाक्य बोलून सांगता आलं पाहिजे. तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, ही लय पहिल्या दिवसापासून ठेवा आणि शर्यतीतही मोडू नका. चालण्याची लाज वाटते हे मला माहीत आहे. पण जी माणसं सुरुवातीपासून ठरवून चालतात ती शेवटचे ५ किलोमीटर पळतात. जी ठरवून चालत नाहीत त्यांना शेवटचे ५ चालावेच लागतात.

रविवार मे महिन्यात ६ ते ८ किलोमीटर, जूनअखेर १०, मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत सावकाश १६ ते १८. दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी. १८ च्या पुढे मी नवख्याला नेत नाही. तुमच्या वेगाला त्यालाच अडीच तासांच्या वर लागतात, आणि त्यापुढे शिकण्यापेक्षा झीज जास्त होते. उरलेले ३ किलोमीटर त्या दिवशीची गर्दी करून घेते. पालखीच्या सुमारास एखादा रविवार चुकला आणि त्याऐवजी पुणे ते सासवड वारकऱ्यांबरोबर चाललात, तर मी तो लाँग रनच समजेन. दिवे घाट चढून दिवसभर पायांवर असणं हा उत्तम सराव आहे, फक्त पुढचे तीन दिवस काही करू नका.

मे महिन्यात सव्वापाचला घराबाहेर आणि साडेसातच्या आत परत. पावसाळा मात्र पुण्याच्या पळणाऱ्याचं भाग्य: जुलै-ऑगस्टमध्ये हवा गार, ढगाळ. टेकडीवर तेव्हा पळू नका, तांबड्या चिखलावर पाय सरकतो आणि उतारावर गुडघे जातात. टेकडी चालण्यासाठी ठेवा. पळायला विद्यापीठाच्या आवारातले रस्ते, रेसकोर्सच्या बाजूचे रस्ते किंवा सणस मैदान. साचलेल्या पाण्यातून पळायचं नाही, खाली खड्डा आहे की झाकण नसलेलं चेंबर, हे पुणे महानगरपालिकेलाही ठाऊक नसतं. बुटांचे दोन जोड घ्या, कारण ओला बूट वर्तमानपत्र कोंबूनही एका दिवसात वाळत नाही. सुती टी-शर्ट नको, घासतं तिथे व्हॅसलिन. आठवड्यातून दोनदा जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, भिंतीला टेकून बसणं, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं). पंधरा मिनिटांचं काम, कंटाळवाणं, आणि सगळे जण हेच टाळतात.

आता या शर्यतीबद्दल. ग्रेट नॉर्थ रन १९८१ साली सुरू झाली, कल्पना ब्रेंडन फॉस्टर या ऑलिंपिक पदकविजेत्या धावपटूची. आज ती जगातल्या सगळ्यात मोठ्या हाफ मॅरेथॉनमध्ये मोजली जाते. न्यूकॅसलहून निघून टाइन पूल ओलांडून साउथ शील्ड्सच्या समुद्रापर्यंत. गेलात त्याच वाटेने परत यायचं नसल्यामुळे भावाने कुठे उभं राहायचं हे आधी ठरवा. फिनिशला फोन लागेल या भरवशावर राहू नका.

पुण्याच्या माणसाला तिथे चार गोष्टी चकवतात. एक, सर्वसाधारण धावपटू तिकडे सकाळी अकराच्या सुमारास सुटतात. आपण पाच-साडेपाचला पळणारे. नाश्ता काय, किती वाजता, पोट कधी साफ होणार, सगळं गणित बदलतं. ऑगस्टमध्ये दोन रविवार मुद्दाम दहा-साडेदहाला सुरू करा, तीन तास आधी पोहे किंवा पोळी-गूळ खाऊन. पोळी-गूळ न्यूकॅसललाही करता येते, म्हणून मी तीच सुचवतो. दोन, थंडी आणि थांबणं. तासभर उभं राहावं लागतं, टाकून देता येईल असा जुना स्वेटर अंगावर हवा. आणि गार हवेत नाडी खाली राहते, आपल्याला वाटतं आज पंख फुटलेत, आणि पहिले ५ किलोमीटर उधळून जातात. पहिला अर्धा तास तुम्हाला फार हळू वाटला पाहिजे.

तीन, तिथल्या पाट्या मैलात असतात. एकूण १३.१ मैल. तुमचा साडेआठचा किलोमीटर म्हणजे १३ मिनिटं ४० सेकंदांचा मैल. हे मनगटावर लिहून ठेवा, नाहीतर दमलेल्या डोक्याला गुणाकार होत नाही. चार, दहाव्या मैलानंतरचा जॉन रीड रोड. चढ उभा नाही, पण संपत नाही, आणि येतो तो नेमका पाय संपल्यावर. सहकारनगरकडून तळजाईवर येणारा रस्ता लाँग रनच्या शेवटी दोनदा चढा, तेवढी तयारी पुरे. त्यानंतर समुद्राकडे एक छोटा तीव्र उतार लागतो, तिथे पाय सोडून देऊ नका. मग किनाऱ्याने शेवटचा सपाट मैल.

पाण्याबद्दल एकच: तहान लागेल तसं प्या. तीन तास पळणाऱ्यांना भरपूर वेळ असतो, म्हणून ते वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पितात. गार हवेत अति पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं. चाळीस मिनिटांनंतर दर अर्ध्या तासाने एनर्जी जेल, खजूर किंवा चिक्कीचा तुकडा, जे सरावात पचलंय तेच.

गौरी-गणपती तुमच्या शेवटच्या पंधरवड्यात येतायत. त्या दिवसांत पळणं निम्मं करायचं असतंच, पण दहा तास ओट्यापाशी उभं राहणं हीसुद्धा पायांना मजुरी आहे. यंदा मोदक तुम्ही खा, वळू दे इतरांना. घरच्यांना हे मी सांगितलं म्हणून सांगा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, म्हणजे जूनच्या सुरुवातीलाच करा. हॉस्पिसचं पत्र जोडा, शर्यतीसाठी जातेय हे सरळ लिहा. तो हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. प्रवास विम्यात संयोजित शर्यत वगळलेली नाही ना, ते बघा. विसर्जन झाल्यावर निघून तिथे चार दिवस मिळत असतील तर पुरे. पश्चिमेकडे जाताना शरीर लवकर जुळवून घेतं, फक्त पहिले दोन दिवस पहाटे तीनला जाग येईल. आणि पळायचे बूट, कपडे, थायरॉइडच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. एका विमान कंपनीने माझी मोठी बॅग शर्यतीनंतर दोन दिवसांनी आणून दिली होती. मी बर्लिनला दुकानातून आदल्या दिवशी घेतलेल्या बुटांत पळालो आणि दोन नखं तिथेच ठेवून आलो.

म्हणजे या आठवड्यात कामं तीन: रक्ततपासणी, हॉस्पिसला ईमेल, तीस नावांची यादी. पळणं नेहमीसारखंच ठेवा, एक किलोमीटरही वाढवू नका. रिपोर्ट आले की हिमोग्लोबिनचा आकडा कळवा, आणि सध्याचे बूट किती जुने आहेत तेही. त्यावर मे महिन्याचं वेळापत्रक लिहून देतो.